बिघाडाचा शोध



या व्यासपीठावरून आजवर आपण संतवाङ्मय ऐकले, इतिहास ऐकला, अर्थकारणावर आणि राजकारणावर विद्वानांची भाषणे ऐकली. त्या पंक्तीत ‘घरचे इंटरनेट बंद पडले तर काय करावे’ हा विषय घेऊन मी उभा आहे. पुरणपोळीच्या ताटात कुणी पेचकस आणून ठेवावा, तसे आपणांस वाटले असल्यास नवल नाही. चिटणीसांनी विषय सुचविला तेव्हा मीही संकोचलो होतो. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून या परंपरेने एक गोष्ट मानली आहे, ती ही की, ज्या गोष्टींवर आपला रोजचा संसार चालतो त्या गोष्टी चार माणसांत बसून समजून घेण्यासारख्या असतात. आज विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, मुलांचे प्रवेश-अर्ज, बँकेचे व्यवहार आणि परगावच्या लेकरांचे दर्शन ही सारी एका बारीक तारेवर लोंबकळत आहेत. ती तार तुटली की शहाणीसुरती माणसे गांगरून जातात. म्हणून मी हा विषय हाती घेतला.

माझ्या पात्रतेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. मी विद्वान नव्हे. १९७९ साली मी दूरध्वनी खात्यात तंत्रज्ञ म्हणून लागलो, २००० साली खात्याची कंपनी झाली आणि २०१५ साली मी निवृत्त झालो. यांतील पुष्कळ वर्षे मी चाचणीच्या टेबलावर काढली. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना १९८ हा क्रमांक आठवत असेल. घरचा टेलिफोन मुका झाला की शेजाऱ्याकडे जायचे, १९८ फिरवायचा आणि तक्रार नोंदवायची. ती तक्रार शेवटी ज्याच्या पुढ्यात येई, त्यांपैकी मी एक. तेव्हा बिघाड शोधणे एवढीच एक विद्या मला येते, आणि ती मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

आरंभी एक घरची हकीकत सांगतो. ती सांगण्याची परवानगी मी घेतली आहे. माझ्या थोरल्या वहिनी निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही एकाच गावात, दोन आळ्या सोडून राहतो. गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी त्या संगणकावर नातीच्या प्रवेशाचा अर्ज भरीत होत्या. दुसरा दिवस हा अर्जाचा शेवटचा दिवस. अर्ज अर्ध्यावर आला आणि इंटरनेट गेले. त्यांनी मोबाईल घेतला, कंपनीचा मदतीचा क्रमांक शोधला, आणि सर्वांत वर जो क्रमांक दिसला त्याला फोन लावला. पलीकडचा मनुष्य फार आर्जवी होता. त्याने सांगितले, ‘माताजी, काळजी करू नका, मी येथूनच दुरुस्त करतो, फक्त हे एक ॲप मोबाईलमध्ये घ्या.’ त्या ॲपमुळे वहिनींचा पडदा त्याला दिसू लागला. मग खात्री पटविण्यासाठी दहा रुपये भरावयास सांगितले. वहिनींनी दहा रुपये भरले, तेव्हा त्याने त्यांचा गुप्त अंक पाहिला. अर्ध्या तासात त्यांच्या चार महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतकी रक्कम तीन हप्त्यांत खात्यातून निघून गेली.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. वहिनींनी हे दोन दिवस कुणालाही सांगितले नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना शहाणे करणारी बाई. आपण फसलो हे सांगावयाची तिला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मी सहज गेलो तेव्हा चेहऱ्यावरून ओळखले. मी म्हणालो, ‘अहो वहिनी, आधी मला का नाही बोलावलेत?’ त्या म्हणाल्या, ‘भावोजी, एवढ्यातेवढ्यासाठी तुम्हाला कशाला त्रास द्यायचा, असं वाटलं.’ आम्ही तत्काळ तक्रार केली, पण मधल्या दोन दिवसांत पैसे पुढे निघून गेले होते.

आणि बिघाड कोणता होता? टीव्हीच्या मागे इंटरनेटची पेटी असते, तिचा अडॅप्टर झाडताना धक्का लागून बोर्डातून अर्धा बाहेर आला होता. मी तो अंगठ्याने आत दाबला. दोन-तीन मिनिटांत सारे सुरू झाले.

त्या दिवसापासून एक विचार माझ्या मनातून जात नाही. वहिनींनी तो खोटा क्रमांक कशावरून शोधला? मोबाईलवरून. म्हणजे मोबाईलचे इंटरनेट चालू होते! तेच इंटरनेट ‘हॉटस्पॉट’ नावाची सोय वापरून संगणकाला देता आले असते आणि अर्ज पाच मिनिटांत गेला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा प्रकार. परंतु यात त्यांचा दोष नाही. बिघाड झाला की आपण सर्वजण ‘काय बंद आहे’ एवढेच पाहतो. ‘काय चालू आहे’ हे पाहावयाचे आपल्याला कुणी शिकविलेले नसते. माझ्या आजच्या भाषणाचे सार विचाराल तर एवढेच आहे : बिघाड कोठे आहे हे शोधण्यापूर्वी तो कोठे नाही हे शोधा.

चाचणीच्या टेबलावर आम्ही हेच करीत असू. एक्स्चेंजपासून ग्राहकाच्या घरापर्यंत तार तीन-चार ठिकाणी जोडलेली असे. एक्स्चेंजमधली मोठी चौकट, रस्त्याच्या कडेचा पिलर, खांबावरची डीपी, आणि घरातला रोझेट. तक्रार आली की आम्ही खांबावर माणूस पिटाळीत नसू. प्रथम त्या मोठ्या चौकटीवर तार अलग करावयाची. एका बाजूस एक्स्चेंज, दुसऱ्या बाजूस गाव. एक्स्चेंजच्या बाजूने आवाज ठीक असेल तर अर्धे जग निर्दोष सुटले. मग पिलरवर तोच प्रयोग, मग डीपीवर. प्रत्येक पायरीला शोधाचे क्षेत्र लहान होत जाई. नवा लाइनमन घाईने शिडी घेऊन धावे आणि चार तास उन्हात तळून परत येई. जुना लाइनमन आधी दोन चाचण्या मागे आणि मग शिडी उचली. दोघांच्या हुशारीत फारसा फरक नव्हता. जुना मनुष्य एक पायरी न गाळता चढे, एवढेच.

आता हीच रीत घरच्या इंटरनेटला लावू. त्यासाठी आधी मुक्काम समजून घेतले पाहिजेत. आपल्या बोलण्यात एक घोटाळा नेहमी होतो. ‘वायफाय गेले’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला इंटरनेट म्हणावयाचे असते. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. नळाचे उदाहरण घ्या. नगरपालिकेच्या जलवाहिनीतून पाणी घरच्या टाकीत येते, टाकीतून नळाला येते. नळ कोरडा पडला तर आपण काय करतो? दुसरा नळ सोडून पाहतो. तोही कोरडा असला तर टाकी पाहतो. टाकी रिकामी असली तर शेजारी विचारतो, ‘तुमच्याकडे पाणी आले का हो?’ ही तपासणी आपल्याला कुणी शिकविली नाही, ती अंगवळणी पडलेली आहे. इंटरनेटच्या बाबतीत कंपनीची काचतंतूची तार ही जलवाहिनी, भिंतीवरची पेटी म्हणजे राउटर ही टाकी, आणि वायफाय हा टाकीपासून आपल्या संगणकापर्यंतचा नळ. मोबाईलवर वायफायची खूण पूर्ण भरलेली दिसते आणि तरी काही उघडत नाही, याचा अर्थ नळ उत्तम आहे पण टाकीत पाणी नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा : एकाच यंत्राचे बंद आहे की घरातील सर्वांचे? संगणकावर चालत नाही, पण त्याच वायफायवर मोबाईलला चालते, तर बिघाड संगणकात आहे. कंपनीला फोन करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुसरा प्रश्न : सर्वांचे बंद असेल तर पेटीवरचे दिवे काय सांगतात? तिसरा प्रश्न : त्याच कंपनीचे ग्राहक असलेल्या शेजाऱ्यांचे चालू आहे का? या तीन प्रश्नांना पाच मिनिटे लागत नाहीत, पैसा लागत नाही, आणि पुष्कळशी तक्रार येथेच निकालात निघते.

पेटीवरच्या दिव्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. एकही दिवा नसेल तर वीज पोचत नाही. बोर्ड, अडॅप्टर आणि त्याची पिन पाहावी. काचतंतूच्या जोडणीत बहुतेक पेट्यांवर ‘एलओएस’ या तीन अक्षरांचा एक दिवा असतो. त्याचा अर्थ ‘प्रकाश पोचत नाही’. तो लाल पेटला किंवा मिचकावू लागला की समजावे, कंपनीकडून येणारा प्रकाश वाटेत अडला आहे. ही तार तांब्याची नव्हे. तिच्या आत केसाच्या जाडीचा काचेचा तंतू असतो आणि त्यातून प्रकाश धावतो. ती काटकोनात वाकवली, खिळ्याला करकचून गुंडाळली, कपाटाखाली चेपली, तर प्रकाश वाकणावर बाहेर सांडतो. तेव्हा तार कोठे दबली आहे का, पेटीतले तिचे टोक सैल आहे का, एवढे बघावे. मात्र ते टोक उपटून डोळ्यापुढे धरू नये. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तार ठीक दिसत असून लाल दिवा कायम असेल, तर बिघाड आपल्या उंबऱ्याबाहेर आहे. आता कंपनीला फोन करा, आणि ‘इंटरनेट चालत नाही’ असे न सांगता ‘एलओएसचा दिवा लाल आहे, शेजारीही बंद आहे’ असे सांगा. पहिल्या वाक्याने तक्रार रांगेत लागते, दुसऱ्याने योग्य माणसाकडे जाते.

दिवे सारे ठीक आहेत आणि तरी चालत नाही, तेव्हा आपण पेटी बंद करून पुन्हा चालू करतो. याला पुष्कळ लोक हसतात, जणू अंगारा लावावा तसला हा उपाय. तो तसा नाही. राउटर हा स्वतःच एक लहानसा संगणक आहे. घरात कोण कोण जोडलेले आहे, कुणाला कोणता पत्ता दिला आहे, कुणाचे संभाषण कोठे चालू आहे, याची टिपणे तो स्मरणात ठेवतो. दिवसेंदिवस चालू राहिल्यावर टिपणांत कधी गोंधळ होतो. वीज काढली की ती पाटी कोरी होते आणि तो सारे नव्याने लिहून काढतो. मात्र वीज काढल्यावर अर्धा मिनिट थांबावे, कारण आतले विजेचे साठे रिते व्हावयास थोडा अवकाश लागतो; आणि चालू केल्यावर दोन-तीन मिनिटे हात बांधून बसावे. येथे एक इशारा देतो. पेटीच्या मागे सुईच्या टोकाएवढे एक भोक असते. त्यात टाचणी घालून दाबू नये. ते पेटीची मांडणी मुळापासून पुसण्याकरिता आहे. ते दाबले की कंपनीने भरलेली माहितीही जाते आणि लहान दुखण्याचे मोठे होते.

याहून एक पाऊल पुढे जावयाचे असेल तर संगणकात एक सुंदर साधन आहे, त्याचे नाव ‘पिंग’. १९८३ साली माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थाने ते लिहिले. पाण्याखालचे जहाज शोधताना आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले. काम तेच : एखाद्या पत्त्याला हाक मारावयाची आणि ‘ओ’ येते का, ते पाहावयाचे. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून पिंग हा शब्द आणि पुढे पत्ता इंग्रजी अंकांत लिहावा. प्रथम १२७.०.०.१ ला हाक मारावी. हा पत्ता प्रत्येक संगणकात स्वतःचाच असतो; हे म्हणजे स्वतःलाच चिमटा काढून पाहणे. मग राउटरला हाक मारावी. त्याचा पत्ता पुष्कळ घरांत १९२.१६८.१.१ असा असतो, आणि ‘आयपीकॉन्फिग’ असे लिहिले असता ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीत तो दिसतो. त्याच यादीत संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर ओळखावे, राउटरने आपल्याला पत्ताच दिलेला नाही. त्यानंतर दूरच्या ८.८.८.८ ला हाक मारावी. तो गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. आधी स्वतः, मग आळीचे तोंड, मग परगाव. जेथून ‘ओ’ येणे थांबले, त्याच्या अलीकडचे सारे निर्दोष.

कधीकधी असे होते की ८.८.८.८ कडून ‘ओ’ येते, पण नावाने कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही. त्या वेळी रस्ता शाबूत असतो, फक्त नामसूची हरवलेली असते. आपल्याला टेलिफोन डिरेक्टरी आठवते ना? नाव ठाऊक, क्रमांक नाही, तर ती चाळायची किंवा १९७ ला विचारायचे. इंटरनेटवरही यंत्रे अंक ओळखतात, नावे आपल्या सोयीसाठी आहेत. आरंभी सर्व नावांची एकच यादी अमेरिकेत एका संस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे तिची नक्कल उतरून घेत. यंत्रे वाढली, यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी अनेक ठिकाणी वाटून ठेवलेल्या नामसूचीची रचना आखली. तिला ‘डीएनएस’ म्हणतात. आपल्या कंपनीची सूची बसली असेल तर संगणकाच्या जोडणीत दुसऱ्या सूचीचा पत्ता लिहिता येतो. एवढे केल्याने ‘इंटरनेट मेले’ म्हणून टाकून दिलेली जोडणी पुष्कळदा उठून बसते.

आता इंटरनेट बंद नाही, पण मंद आहे, या तक्रारीकडे वळू. येथेही टाकी आणि नळ निराळे करा. संगणक राउटरला तारेने जोडून पाहा. तारेने वेग ठीक आणि वायफायने मंद, तर दोष हवेतल्या वाटेचा. वायफायच्या दोन वाटा सामान्यतः असतात : २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली भिंतीतून अधिक दूर जाते पण तिच्यावर गर्दी फार. दुसरी वेगवान पण भिंतीपुढे लवकर दमते. आपल्या जुन्या वाड्यांच्या दोन-दोन हात जाड भिंती तिला मानवत नाहीत. कित्येक घरांत मी राउटर लोखंडी कपाटात, आरशामागे किंवा माशांच्या पेटीजवळ ठेवलेला पाहिला आहे. धातू आणि पाणी दोन्ही या लहरींना अडवितात. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४ च्या आसपासच चालते, म्हणून दूध तापवितानाच व्हिडिओ अडखळत असेल तर भुताटकी समजू नये. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि मोकळा ठेवावा. देव्हाऱ्याला जेवढा मान देतो त्याच्या अर्धा दिला तरी भागते.

वेगाच्या बाबतीत आणखी एक गैरसमज आहे. जाहिरातीत १०० एमबीपीएस लिहिलेले असते आणि फाईल उतरवताना सेकंदाला बारा एमबी दिसतात, तेव्हा आपल्याला लुबाडले असे वाटते. जाहिरातीतला आकडा बिटांचा आणि पडद्यावरचा बाइटांचा असतो. आठ बिटांची एक बाइट. शंभराला आठाने भागा, साडेबारा येतात. भांडण करण्यापूर्वी भागाकार करावा.

संगणकाच्या स्वतःच्या दुखण्यांपैकी दोनच सांगतो, कारण ती फार फसवी आहेत. एक, सर्व संकेतस्थळे एकाएकी ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणू लागतात. तेव्हा आधी तारीख पाहा. जुन्या संगणकात नाण्याएवढी एक बॅटरी घड्याळ चालू ठेवते. ती संपली की संगणक कित्येक वर्षे मागे जातो, आणि आजची प्रमाणपत्रे त्याला अवेळी वाटतात. काही रुपयांच्या बॅटरीने हा रोग जातो. दुसरे, संगणक तापून आपोआप बंद पडतो. मांडीवरचा संगणक गोधडीवर ठेवला की त्याच्या हवेच्या वाटा बुजतात. डॉक्टर बोलाविण्यापूर्वी त्याला टणक पाटावर ठेवून पाहावे.

एकूण नियम किती झाले? मोजून तीन. काय चालू आहे ते आधी पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, कारण चार गोष्टी एकदम बदलून यश आले तर कशाने आले हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही कराव्या लागतात. आणि तिसरा नियम : लिहून ठेवा. पडद्यावर जे शब्द आले ते जसेच्या तसे लिहा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ संगणकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. संगणकातल्या दोषाला ‘बग’ हा शब्द त्यावरून आला असे सांगतात. ते खरे नाही, हा शब्द यंत्रांच्या दोषाला त्याच्या किती तरी आधीपासून वापरीत. मला त्या गोष्टीतले मोल निराळे वाटते. त्या लोकांनी तो पतंग झटकून टाकला नाही. नोंदवहीत वेळ लिहून तो चिकटपट्टीने चिकटविला. ते पान आजही जपून ठेवलेले आहे. आमच्या जुन्या एक्स्चेंजमध्येही तसलेच रिले होते, आणि धुळीच्या कणाने अडलेल्या रिलेची नोंद करावयास मी कंटाळा करीत असे. पुढच्या महिन्यात तोच रिले अडला की पुन्हा पहिल्यापासून शोध. त्या शिक्षेनेच मला वहीची किंमत कळली.

आता पुन्हा वहिनींच्या हकीकतीकडे येतो, कारण या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन तेथे आहे. बिघाडात मनुष्य एकटा पडतो. त्याला घाई असते, आपल्याला कळत नाही याची लाज असते, आणि नेमक्या त्याच वेळी गोड बोलणारा कुणी भेटतो. चोर पूर्वी कुलूप फोडीत. आता ते आपल्या गोंधळाची वाट पाहतात. म्हणून काही गोष्टी भिंतीवर लिहून ठेवा. कंपनीचा क्रमांक शोधयंत्रात शोधू नका. तो बिलावरून घ्या आणि आजच वहीत लिहा. इंटरनेट दुरुस्त करणाऱ्याला आपल्या मोबाईलचा पडदा पाहण्याची, ओटीपीची किंवा बँकेच्या गुप्त अंकाची गरज नसते. ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी पाटी पडद्यावर आली तर फोन करू नका, ते पान बंद करा. आणि इतके करूनही फसलात, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवा. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. तक्रार लवकर पोचली तर तो वाटेत गोठविता येतो. आमच्या घरी दोन दिवस लाजेत गेले, त्या दोन दिवसांची किंमत मी आपल्याला सांगितली आहे.

तरुण मंडळी येथे बसली आहेत, त्यांनाही एक विनंती आहे. आईने किंवा आजोबांनी विचारले की आपण त्यांच्या हातून मोबाईल हिसकावून घेतो, बोटे फिरवितो आणि ‘झाले’ म्हणून परत देतो. काम होते, पण पुढच्या वेळी विचारावयाची त्यांची हिंमत होत नाही. मोबाईल त्यांच्याच हातात राहू द्या आणि आपण शेजारी बसा. दहा मिनिटे जास्त लागतील. ती दहा मिनिटे माझ्याकडून वहिनींना कधी मिळाली नव्हती, हे मला येथे कबूल केले पाहिजे. त्यांच्या घरची जोडणी मीच बसविली होती, पेटी टीव्हीच्या मागे मीच ठेवली होती. तिच्यावरचे दिवे त्यांना कधी दाखविले नव्हते.

आता ती पेटी दारावरच्या फळीवर आहे, आणि शेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. गेल्या महिन्यात रात्री नऊच्या सुमारास वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, ‘भावोजी, एलओएस लाल आहे, पेटी एकदा बंद करून पाहिली, शेजारच्यांकडेही नाही. बिलावरच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक वहीत लिहिला आहे. तुम्ही यायला नको. नुसते सांगावे म्हणून फोन केला.’ मी छत्तीस वर्षे चाचणीच्या तक्रारी घेतल्या, पण इतकी स्वच्छ तक्रार मला फार थोड्यांनी सांगितली असेल.

घरी गेल्यावर आपली पेटी कोठे आहे आणि तिच्यावर कोणते दिवे लागलेले आहेत, हे आज सारे ठीक चालू असतानाच पाहून ठेवा. बिघाडाच्या दिवशी ते उपयोगी पडेल.